दशमांश दिला, मग दुसरा फ्लॅट कुलपात ठेवला तर बिघडलं काय?

सदरकर
आमच्या चर्चच्या मंडळीत दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, चुकवणारे फारसे नाहीत. पण नागपुरात बेसा-मनीषनगरकडे गुंतवणूक म्हणून घेतलेले फ्लॅट वर्षानुवर्षं कुलपात, आणि गडचिरोलीहून नर्सिंगला आलेल्या पोरी खोलीसाठी वणवण फिरतात. माझ्या मते मालकी पाप नाही, असलेलं पडीक ठेवणं पाप आहे. बायबलात लूक १२ मधल्या श्रीमंताला देव 'मूर्खा' म्हणतो, ते त्यानं पीक चोरलं म्हणून नाही. कोठारं मोठी बांधण्यापलीकडे त्याला काही सुचलंच नाही.

बेसावाला
दादा, दुसऱ्याच्या कुलपाचा हिशेब तुम्ही कशाला ठेवता? प्रेषितांची कृत्ये ५ काढा. जमीन विकून काही पैसे लपवणाऱ्या हनन्याला पेत्र विचारतो, विकण्याआधी जमीन तुझीच होती ना, विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता ना? शिक्षा झाली ती खोटं बोलल्याची. आणि १ तीमथ्य ५:८ सांगतं, घरच्यांची तरतूद न करणारा अविश्वासी माणसापेक्षाही वाईट. माझा फ्लॅट मुलीच्या शिक्षणासाठी आहे.

सदरकर
लेवीय २५:२३. "जमीन माझी आहे," असं खुद्द देव म्हणतो. आपण कारभारी.

बेसावाला
मग त्याच अध्यायाचं ३० वं वचनही वाचा ना. कोट असलेल्या नगरातलं विकलेलं घर वर्षभरात सोडवलं नाही, तर ते घेणाऱ्याचं कायमचं. योबेल वर्षातही, म्हणजे जमिनी मूळ मालकाला परत मिळायच्या त्या पन्नासाव्या वर्षीही, परत जात नाही.

मोहननगरची ताई
आणि ३१ वं? कोट नसलेल्या गावातली घरं शेतात धरायची, योबेलात परत द्यायची. जुन्या नागपूरच्या जुम्मा दरवाजाच्या आत महालात घर असतं तर ऐकलं असतं, बेसा कोणत्या कोटात येतो बाप्पा?
असो, योबेल आपल्याला कायदा म्हणून लागू नाही. फ्लॅट दान करा असंही कोणी म्हणत नाही. पोरींना झेपेल असं भाडं, ११ महिन्यांचा करार, पोलिस पडताळणी. मुलीच्या शिक्षणाला चार पैसे सुटतील ते वेगळेच.

बेसावाला
भाड्याचं ठीक. पण लाइटबिल थकवून गेल्या तर मंडळी भरणार काय?

सदरकर
हा प्रश्न रास्त आहे. २ करिंथ ८:१३ मध्ये पौलही म्हणतो, दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला भार, असं नको. अनामत घ्या. ज्या पोरीला जमत नसेल, तिची मंडळीनं दशमांशातून भरावी.

बेसावाला
मांडा मग चर्चच्या पास्टोरेट कमिटीत. अनामतीचं नाव काढलं की पहिले चर्चच्या रंगरंगोटीचं इस्टिमेट पुढे येते की नाही, ते पाहा.