जुनी चकमकीची हॉकेन बंदूक घ्यावी का, आणि घेतल्यास दुरुस्ती कशी करावी?

हॅरिसबर्गवासी

नमस्कार. पेनसिल्व्हेनियात नाताळानंतर हरणांच्या शिकारीचा जो खास हंगाम असतो, त्यात केवळ चकमकीची ठासणीची बंदूक चालते, टोपीची (ठिणगीऐवजी स्फोटक टोपीने पेटणारी) चालत नाही, हे येथील जाणकारांना ठाऊक असेलच. त्या हंगामासाठी मी थॉम्पसन/सेंटर कंपनीची .50 कॅलिबरची हॉकेन पाहून आलो आहे. एका घरातील जुन्या सामानाच्या विक्रीत ती 350 डॉलरला मिळते आहे. अक्रोडाचा दस्ता आणि पितळी साज सुरेख आहे. मात्र नळीच्या तोंडाशी तांबूस गंज दिसतो, दस्त्याच्या मनगटाशी, म्हणजे कुलुपाच्या (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेच्या) मागे, केसासारखी एक भेग आहे, आणि घोडा सोडला असता ठिणग्या जेमतेमच पडतात. विकणाऱ्या बाईंना बंदुकीतले काही कळत नाही. ती त्यांच्या दिवंगत यजमानांची होती. यांपैकी कोणते दोष घरी दुरुस्त होण्याजोगे आहेत आणि कोणता दोष दिसल्यास सौदा सोडून द्यावा, हे कृपया सांगावे.

लोहारकाम

सौदा ठरतो तो नळीच्या आतल्या अंगावर. बाकी बहुतेक सर्व काही बदलता किंवा सुधारता येते. पितळ आणि अक्रोड पाहून भुलू नका. हॉकेन बंधूंच्या सेंट लुईसमधल्या मूळ बंदुकांना बहुधा साधा लोखंडी साज असे. हा पितळी थाट 1970 साली न्यू हॅम्पशायरच्या या कंपनीने आणला आणि तो लोकांना इतका आवडला की आता तोच अस्सल वाटतो.

नळी पाहताना तोंडाशी दिसणाऱ्या गंजापेक्षा तळाकडे लक्ष द्यावे. काळी दारू जळाल्यावर उरणारी राख पोटॅशियमच्या क्षारांची असते, ती हवेतली ओल ओढून घेते, आणि ती सर्वांत जास्त साचते ती तळाशी. क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नव्हे. त्यामुळे ज्याने पाण्याने न धुता नुसते तेल फिरवून बंदूक भिंतीला टांगली, त्याच्या नळीत गंज तेलाखाली निवांत वाढत राहतो. ठासायच्या गजाच्या टोकाला जॅग (चिंधी धरणारे टोक) लावून कोरी सुती चिंधी तळापर्यंत नेऊन सावकाश परत ओढा. ती सर्वत्र सारख्याच जोराने सरकली आणि फक्त तांबूस होऊन आली, तर गंज वरवरचा आहे. एकाच ठिकाणी अडखळत असेल आणि बाहेर आल्यावर तिचे धागे उसवलेले दिसत असतील, तर तेथे खड्डे पडले आहेत. हलके खड्डे असलेली नळीसुद्धा चिंधीत गुंडाळलेली गोळी बऱ्यापैकी नेमकी टाकू शकते, पण मग 350 डॉलर ही किंमत जास्त होते.

मात्र या सगळ्याच्या आधी बंदूक भरलेली नाही ना, याची खात्री करा. नळीचे तोंड स्वतःकडे किंवा कोणाकडेही न रोखता गज आत सोडा, तोंडाशी त्यावर पेन्सिलीने खूण करा, मग गज बाहेर काढून नळीच्या बाहेरच्या बाजूला त्याच खुणेने लावून पाहा. गजाचे टोक कानाच्या (तळाशी आतल्या दारूला आग पोचवणाऱ्या छिद्राच्या) आसपास, फार तर इंचभर अलीकडे यायला हवे.

हॅरिसबर्गवासी

लोहारकाम, आपले मनःपूर्वक आभार. आज पुन्हा जाऊन सांगितल्याप्रमाणे गज लावून पाहिला. त्याचे टोक कानाच्या सव्वादोन इंच अलीकडेच थांबते, आणि ठोकल्यावर आवाज बोदा येतो. आता काय समजावे?

लोहारकाम

भरलेली आहे असेच समजावे. .50 च्या नळीत 70 ग्रेन दारू साधारण 1.4 इंच जागा घेते आणि तिच्यावर अर्ध्या इंचाची गोळी. तुमचे माप त्याच्याशी जुळते. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशके जिवंत राहते. बाईंना ताबडतोब सांगा, घोडा खाली आणि रंजकाची (कानाबाहेर पेटवायच्या चिमूटभर दारूची) वाटी रिकामी ठेवा, चाप ओढून पाहणे थांबवा, आणि बंदूक या कामाच्या जाणत्या गनस्मिथकडे न्या. आत नेमके काय आणि किती भरले आहे हे कोणालाच माहीत नसल्यामुळे ती ‘उडवून रिकामी’ करण्याचा मोह अजिबात धरू नका. कोणी त्यात धूररहित दारू भरली असेल, तर नळी हातात फुटेल. कारागीर बहुधा कानातून दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड सोडून गोळी ढकलतात, किंवा कानाची लायनर (छिद्रात बसवलेली सुटी नळी) काढून तेथे ग्रीसचे निपल बसवतात आणि ग्रीस-गनने गोळी इंच इंच पुढे सरकवतात. पाणी घालून दारू भिजवली म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण सुकल्यावर तीच दारू पुन्हा पेट घेते.

पोकोनोकर

वरील सल्ल्याशी पूर्ण सहमत. उरलेल्या दोन दोषांबद्दल थोडे लिहितो. ठिणग्या कमी पडण्याचे खापर लोक लगेच कुलुपावर फोडतात, पण पुष्कळदा दोष दगडाचा असतो. या बंदुकांना कारखान्यातून यंत्राने कापलेला अकीक मिळत असे. त्याऐवजी हाताने घडवलेला काळा इंग्लिश चकमकीचा दगड कातड्याच्या तुकड्यात धरून घट्ट बसवा आणि त्याची धार फ्रिझनला (दगड ज्यावर आपटतो त्या पोलादी पट्टीला) पूर्ण रुंदीभर टेकते का ते पाहा. तरीही ठिणग्या मरतुकड्या असतील, तर फ्रिझनवर कानस हलकेच ओढा. ती घसरली तर पोलाद कडक आहे, चावली तर ते मऊ पडले असून पुन्हा कडक करावे किंवा बदलावे लागेल. एल अँड आर या कंपनीने याच बंदुकीत बसणारे पूर्ण कुलूप बनवले आहे. ते स्वस्त नाही, पण फरक मोठा आहे.

मनगटाची भेग मात्र मी गांभीर्याने घेईन, कारण धक्क्याचा सारा जोर तेथून जातो. कुलूप काढून भेग आतपर्यंत गेली आहे का ते पाहा. वरवरची असेल तर पातळ इपॉक्सी मुरवून घट्ट आवळून ठेवता येते. आरपार असेल तर आतून पितळी दांडी घालणे भाग आहे, आणि ते काम सुताराचे नव्हे, दस्ते बनवणाऱ्याचे आहे. कडेला पॉलिश पेपर फिरवू नका, नाहीतर लाकूड पितळाच्या खाली उतरते आणि ते कायमचे डोळ्यांत खुपते.

लोहारकाम यांच्याशी एका बाबतीत माझा मतभेद आहे: खड्ड्यांच्या नळीवर पैसे घालवू नयेत. ज्याला शिकारीसाठी हवी आहे, त्याने त्यापेक्षा दुसरी बंदूक शोधावी.

लोहारकाम

तो मतभेद मान्य. हॅरिसबर्गवासी, रिकामी होऊन आल्यावर नळी दस्त्याशी जोडणाऱ्या हुकातून सोडवून तिचे तळाचे टोक कोमट, साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवा आणि जॅगने पाणी वर-खाली ओढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा, मग कोरडी करून तेल लावा. तळाचा प्लग मात्र उघडू नका. नेमबाजीला 60 ग्रेन एफएफजी (ही दाण्याच्या आकाराची खूण) खरी काळी दारू, .490 ची गोळी आणि .015 इंचाची तेलकट चिंधी यांनी सुरुवात करा. दारू वजनाने नव्हे, मापाने घ्यावी. पायरोडेक्ससारखे काळ्या दारूचे पर्याय पेटायला जास्त उष्णता मागतात, त्यामुळे चकमकीच्या बंदुकीत ते रुसतात. भरण्यापूर्वी नळीतले तेल अल्कोहोलच्या चिंधीने पुसायला विसरू नका, नाहीतर रंजक भडकेल आणि बार निघणार नाही.

हॅरिसबर्गवासी

बाईंना सांगितले, त्यांना धक्काच बसला. बंदूक गनस्मिथकडे न्यायचे ठरले आहे आणि त्याचा खर्च किमतीतून वजा करायला त्या तयार आहेत. चिंधीची परीक्षा गोळी निघाल्यावर त्याच्याच दुकानात करीन, आणि धागे उसवले तर बंदूक तेथेच ठेवून येईन.