जुन्या गाडीचं स्टेअरिंग लूज झालंय, सुरुवात कुठून करू?

शंकासुर:
मंडळी, गाडी जुनी आहे, हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगवाली. सरळ रस्त्यावरही सारखं डावं-उजवं करत बसावं लागतं, म्हणजे स्टेअरिंग मधल्यामध्ये दोन-अडीच बोटं नुसतंच फिरतं, चाकांना पत्ताच नसतो आणि मग एकदम पकडतं. ८०च्या पुढे गाडी लहरते, बाजूने ट्रक गेला की पोटात गोळा. खड्ड्यात पुढून टकटक पण येतं. अलाइनमेंट करून झालं, काडीचा फरक नाही. गॅरेजवाला म्हणतो अख्खा रॅक (स्टेअरिंग फिरवलं की डावा-उजवा सरकून चाकं वळवणारा दातेरी दांडा) बदला. त्याआधी घरी काय काय बघता येईल? जॅक, पाने आहेत, थोडंफार काम येतं.

दहाबाराचापाना:
रॅकवर एकदम उडी नको, तो शेवटी. आणि सांधे ढिले असताना केलेलं अलाइनमेंट टिकतच नाही हो, तो खर्च परत करावा लागणार हे आत्ताच धरून चाला. बऱ्याच मॅन्युअलमध्ये स्टेअरिंगच्या रिमवर ३० मिमीपर्यंत प्ले (चाकं न वळता स्टेअरिंगचं नुसतं फिरणं) चालतो असं असतं, तुमचं दोन-अडीच बोटं म्हणजे त्याच्या पुढेच गेलंय.
आधी टायरची हवा बघा, कमी हवेवर चांगली गाडीसुद्धा लहरते. मग एक माणूस मदतीला घ्या. गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकं जमिनीवरच, जॅक लावायचा नाही आणि इंजिन चालू. इंजिन चालू अशासाठी की पॉवर स्टेअरिंगच्या व्हॉल्व्हमध्ये एक बारीक टॉर्शन बार असतो, इंजिन बंद असताना तो पिळतो आणि तोच पीळ आपल्याला प्ले वाटतो, मग चांगला रॅक उगाच बदनाम. आतल्याने स्टेअरिंग भराभरा डावं-उजवं हलवायचं, पण जेवढा प्ले आहे तेवढंच, टायर वळवायचे नाहीत. तुम्ही बाहेरून एकेक सांधा बघत जा. पायापाशी कॉलमचा, म्हणजे स्टेअरिंगपासून खाली येणाऱ्या दांड्याचा जॉइंट, मग रॅकमध्ये शिरणारा शाफ्ट, रॅकची बॉडी क्लॅम्पमध्ये सरकतेय का, मग रॅक एंड (रॅकच्या टोकाचा आतला सांधा), मग बाहेरचा टाय रॉड एंड (चाकाजवळचा सांधा). जिथे अलीकडचा तुकडा हलतो आणि पलीकडचा जागचा हलत नाही, तिथे चोर. डोळ्याला कळत नसेल तर सांध्यावर बोट ठेवा, टिचकी लागते. फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवा आणि चालू गाडीखाली शिरू नका, वरून नाही दिसलं तर रॅम्पवर न्या.

बिनधास्त७:
एवढं कशाला, रॅकला ॲडजस्टर असतो, लॉकनट सोडा, अर्धा फेरा आवळा, विषय संपला. मी असंच करतो.

ग्रीसगन:
बिनधास्त, तुमचं चाललं असेल पण दुसऱ्याला सांगू नका राव. रॅक झिजतो तो मध्यावर, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. झिजलेल्या मध्याच्या हिशोबाने आवळला की कडेचे न झिजलेले दात जाम होतात, वळणानंतर स्टेअरिंग आपोआप परत येत नाही, आणि ते ऐन वळणात अडकलं तर काय? रॅकऐवजी स्टेअरिंग बॉक्स असलेल्या गाड्यांत वरच्या स्क्रूने असाच प्ले काढतात, तिथेही चाकं सरळ ठेवून अगदी जरासाच फिरवायचा असतो, आणि तोही पिटमन आर्म, आयडलर आर्म वगैरे बॉक्सपासून चाकांकडे जाणारे जोडदांडे बघून झाल्यावर. टाय रॉड एंड गेलेला असेल तर ॲडजस्टर कितीही पिळा, प्ले आहे तिथेच राहणार.
शंकासुर, वरची टेस्ट झाली की इंजिन बंद करून पुढचं एकेक चाक उचला, खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर नको. चाक आडवं धरून, म्हणजे घड्याळातल्या ९ आणि ३ वर, हलवा. फक्त असंच हलत असेल तर टाय रॉड एंड नाहीतर रॅक एंड. रॅक एंड रबराच्या बेलोच्या आत असतो, बेलो मुठीत दाबून धरा आणि दुसऱ्याला चाक हलवायला सांगा, हाताला लगेच कळतं. १२ आणि ६ वर पण हलतंय? मग चाकाचं बेअरिंग किंवा चाकाला सस्पेन्शनच्या आर्मशी जोडणारा बॉल जॉइंट. कोणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगून परत हलवा. प्ले गायब झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. लोअर आर्मचे बुशही बघून घ्या, ते फाटले की ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

शंकासुर:
सापडलं! एक नाही, दोन निघाले. डाव्या टाय रॉड एंडचं बूट (वरचं रबरी कव्हर) फाटलंय, आत ग्रीसचा थेंब नाही, स्टड वाटीत लटलट हलतोय. आणि कॉलमच्या खालच्या जॉइंटला वरचा शाफ्ट थोडा फिरतो मग खालचा. रॅक जागचा हलत नाही. दोन्ही घरी होईल का?

दहाबाराचापाना:
टाय रॉड एंड होईल. लॉकनट आधी सैल करा, मग जुना एंड काढताना फेरे मोजा आणि नवा तेवढेच फेरे आत घ्या, म्हणजे अलाइनमेंटला गाडी निदान सरळ जाईल. स्टड निघत नसेल तर त्याच्या आट्यांवर हातोडा मारू नका, तो ज्या भोकात बसलाय त्या भागाला बाजूने ठोका, नट चार आटे लावलेलाच असू दे. नवा नट आवळताना स्टडच फिरायला लागला तर एंडला जॅकने दाब द्या, टेपर (स्टडचा निमुळता भाग) भोकात बसला की फिरायचा थांबतो. नट सुटू नये म्हणून घालायच्या स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट आणखी आवळून जुळवा, सैल करून नाही. आणि पिन नवीनच.

ग्रीसगन:
कॉलमच्या जॉइंटला आधी क्लॅम्पचा बोल्ट घट्ट आहे का बघा, कधीकधी एवढंच असतं. आतला क्रॉस झिजला असेल तर अख्खा जॉइंट बदला. वेल्डिंगचा टिपका मारून देतो म्हणणारा भेटला तर तिथून गाडी काढा. सोडताना चाकं सरळ, स्टेअरिंग बेल्टने बांधून ठेवा आणि शाफ्टवर रंगाची खूण करा. एअरबॅग असेल तर शाफ्ट सुटल्यावर स्टेअरिंग मोकळं फिरून क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगची गुंडाळलेली वायर) तुटते. हात बसलेला नसेल तर हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या.

शंकासुर:
एंड मी बदलला, जॉइंट मेकॅनिककडून बदलून घेतला. प्ले गेला, गाडी रुळावरून चालल्यासारखी! पण सरळ जाताना स्टेअरिंग जरा उजवीकडे राहतंय. काढून एक दात फिरवून बसवू का? आणि खड्ड्यातलं टकटक अजून तसंच आहे.

ग्रीसगन:
स्टेअरिंग काढू नका. अलाइनमेंट तर करायचंच आहे, तिथे सांगा स्टेअरिंग मध्यावर लॉक करून दोन्ही टाय रॉड ॲडजस्ट करा. टकटकसाठी स्टॅबिलायझर लिंक (गाडी वळणात झुकू न देणाऱ्या आडव्या बारला सस्पेन्शनशी जोडणारी छोटी दांडी) बघा, दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून लिंक हाताने गदागदा हलवली की खडखड ऐकू येते.