टेट्रिसमध्ये गोष्ट कुठून आणायची?

वजीर_पडला:
जॅनेट मरे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९७ साली लिहिलं की टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचायचा तो संगणकावरचा खेळ, हे नव्वदच्या दशकातल्या, कामाखाली पिचलेल्या अमेरिकन माणसाचं आयुष्य. वरून कामं पडतायत, हा रचतोय, संपता संपत नाहीत. वाचायला झकास. पण टेट्रिस जन्मला १९८४ मध्ये मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात. अलेक्सी पाजितनोव यांनी तो केला तेव्हा हा अमेरिकन तिथे काय करत होता?

खेळात गोष्ट शोधणाऱ्यांना फिनलंडचे अभ्यासक मार्कु एस्केलिनेन यांनी २००१ मध्ये फटकारलंच होतं. भावार्थ असा: मी तुमच्याकडे चेंडू फेकला, तर तो खाली टाकून तो गोष्ट कधी सांगतोय याची वाट बघत बसाल का?

माझंही तेच म्हणणं. खेळ समजून घ्यायचा तर नियम बघा, गोष्ट नको. बुद्धिबळातला आपला उंट इंग्रजांकडे बिशप होतो, चाल तिरकी ती तिरकीच. आमच्या घरच्या पटातलं एक काळं प्यादं हरवलंय, त्या जागी शर्टाचं बटण ठेवतो. बटणाची आजवर तक्रार नाही. दोनदा वजीरही झालंय.

सोंगटी:
बटणाचं अभिनंदन. पण सापशिडीचं काय करता? फासा टाका, सोंगटी सरकवा, संपलं. तुमच्या हाती एकही निर्णय नाही. नियम म्हणून बघितलं तर त्यात अभ्यासण्यासारखं आहे काय? आता त्याचाच जुना अवतार, मोक्षपट घ्या. घराघरांत गुण-दुर्गुणांची नावं, शिडी म्हणजे पुण्य, साप म्हणजे पाप, आणि सगळ्यात वर मोक्ष. फासा तोच, सरकणं तेच. नावं पुसलीत की बालवाडीतला वेळ घालवायचा खेळ उरतो. आणि निर्णय नसणं हीच तर त्यातली गोष्ट! घसरायचं की नाही हे माणसाला कोण विचारतं?

वजीर_पडला:
म्हणजे नियमांत दम नव्हता म्हणून वरून उपदेश चिकटवला. माझाच मुद्दा झाला.

सोंगटी:
उद्या म्हणाल कीर्तनाला आख्यान चिकटवलंय.

रात्रपाळी:
दोघंही जुन्या पटांवर भांडताय, म्हणून जरा अलीकडचं. लुकस पोप यांचा २०१३ मधला संगणकावरचा खेळ ‘पेपर्स, प्लीज’. तुम्ही एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरचे कारकून. पासपोर्ट बघायचा, तारखा जुळवायच्या, हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. जितकी माणसं बरोबर तपासाल तितके पैसे. रात्री घरभाडं, जेवण, शेगडी, औषध यांत ते वाटायचे. पुरत नाहीत.

सुरुवातीच्याच एका दिवशी एक नवरा येतो. कागद चोख. जाताना म्हणतो, मागे माझी बायको आहे, जरा सांभाळून घ्या. बायकोकडे प्रवेश परवाना नाही. ती म्हणते, परत पाठवलंत तर मारून टाकतील. आता नियम ऐका: दिवसातल्या पहिल्या दोन चुका माफ, तिसरीपासून पगारातून दंड. म्हणजे रोज दोन माणसांपुरती दया फुकट! संवाद फार तर चार ओळींचा असेल, पण तो ‘दोन’चा आकडा काढा, ती बाई नुसती चित्र होते. आणि बाई काढा, तो आकडा नुसता हिशेब. मग यातला कुठला अर्धा भाग अभ्यासायचा?

भाडेकरू:
रात्रपाळी, अगदी. मला तर वाटतं नियम स्वतःच बोलतात, गोष्ट वेगळी लागतच नाही. आपण मे महिन्यात ‘व्यापार’ खेळायचो ना, त्याची मूळ आजी एलिझाबेथ मॅगी. तिने १९०४ मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट घेतलं. जमीनदार कसा गबर होतो आणि भाडेकरू कसा बुडतो हे दाखवायला. तिने नियमांचे दोन संच केले होते. एकात कुणाचीही कमाई झाली तरी सगळ्यांना वाटा, दुसऱ्यात एकाने बाकीच्यांना धुऊन काढायचं. पट तोच! १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स या खेळ विकणाऱ्या कंपनीने तिचं पेटंट ५०० डॉलरला घेतलं आणि जगभर गेला तो दुसराच संच.

माझा आतेभाऊ मुंबईवर हॉटेल बांधून बसायचा आणि माझी शेवटची नोट घेताना मोठ्या मनाने म्हणायचा, “राहू दे, उधार ठेव.” उधारीचा नियम कुठल्याच संचात नव्हता. तरी मी अजून ते विसरलेलो नाही.

वजीर_पडला:
मॅगीबाई माझ्या बाजूच्या, धन्यवाद. नियम बदलला, अर्थ बदलला.

सोंगटी:
आणि नियम कशासाठी बदलला? तिला काहीतरी सांगायचं होतं म्हणून. निम्म्या बाई इकडे द्या.

वजीर_पडला:
बरं, घ्या निम्म्या. टेट्रिस मात्र देणार नाही. त्यात अमेरिकनही नाही आणि रशियनही नाही, फक्त लांब दांडीसारख्या ठोकळ्याची वाट बघणं आहे.

रात्रपाळी, त्या बाईला सोडलंत का?

रात्रपाळी:
पहिल्यांदा खेळलो तेव्हा नाही. दोन्ही चुका आधीच वापरून झाल्या होत्या, आणि घरी मुलगा आजारी होता.