गाणी लावली की पळायची सवय लागते म्हणे!

तळजाईकर: काल एकाने लिहिलंय, भारी प्लेलिस्ट बनवा, पहाटे आपोआप पाय घराबाहेर पडतील. मी तीन बनवल्या होत्या. बारा दिवस पळालो, मग गाण्यांचा वीट आला आणि त्यांच्यासोबत पळण्याचाही. सवय लागली ती शेजारचे काका साडेपाचला खालून बोंबलायला लागले तेव्हा.

पहाटपाखरू: दादा, तीच गाणी दिवसभर ऑफिसात ऐकली असणार तुम्ही. मी रहस्यकथेचं ऑडिओबुक फक्त पळतानाच ऐकते, घरी हातसुद्धा लावत नाही. खून कोणी केला ते कळायला उठावंच लागतं. सवयींवर संशोधन करणाऱ्या अमेरिकन प्राध्यापक केटी मिल्कमन यांच्या २०१४च्या अभ्यासात हेच आहे, पुस्तक फक्त जिममध्येच ऐकायला मिळालं तर लोक सुरुवातीला ५१ टक्के जास्त वेळा गेले.

तळजाईकर: "सुरुवातीला" हा शब्द तुम्हीच लिहिलात, आभार. नोव्हेंबरात त्यांच्याकडे थँक्सगिव्हिंगच्या सणाची सुट्टी असते, तिच्यानंतर तो फरक विरला. आपल्याकडे दिवाळीचा फराळ ते काम करतो.

रंकाळा_राउंड: इथिओपियाचा धावपटू हाइले गेब्रसेलासीनं १९९८ला 'स्कॅटमॅन' गाण्याच्या तालावर इनडोअर २००० मीटरचा विक्रम केला, त्याला पण शिकवा की.

तळजाईकर: तो लहानपणी शाळेत जायला दहा किलोमीटर पळायचा, तेव्हा कानात काय होतं?

शांतता_प्लीज: ते सगळं राहू द्या, टेकडीवर कमरेला स्पीकर लटकवून फिरणाऱ्यांचं आधी बघा. पुण्यात तळजाई टेकडीला मोर ऐकायला जातो आम्ही आणि ऐकू काय येतं तर कुणाचातरी ढिंच्याक रिमिक्स, एकाला म्हटलं आवाज कमी करा तर मलाच म्हणतो टेकडी तुमच्या बापाची का!

रंकाळा_राउंड: स्पीकरवाला निदान ऐकू तरी येतो. दोन्ही कानांत बोळे घालून रस्त्याच्या मधोमध पळणाऱ्यांचं काय? मागच्या महिन्यात बेल वाजवून वाजवून शेवटी मीच सायकलसकट गटारात.

पहाटपाखरू: मी एकाच कानात इअरफोन लावते, आणि उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल अशी पळते. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

शांतता_प्लीज: लावा लावा, कुत्रं मागे लागलं की कळेलच.

पहाटपाखरू: कुत्र्याला घाबरून घरी बसलेला माणूस शिकवतोय! बरं तळजाईकर, काका नसले की कोण उठवतं तुम्हाला?

तळजाईकर: ... काका आठ दिवस गावाला गेलेत. चार दिवस झाले, बूट तिथेच आहेत. त्या खुनाच्या पुस्तकाचं नाव टाका. आणि हसू नका उगाच.