अभ्यासिकेचा कॉम्प्युटर: रूटला किती जागा ठेवायची?

ए-१०१ (सचिव): अभ्यासिकेतला कॉम्प्युटर पुन्हा अडलाय. पासवर्ड टाकला की परत पासवर्डच मागायलाय. परवा पोरांची नीटची टेस्ट आहे. बी-३०२ दादा, बघता का?

बी-३०२: काका, आत्ताच बघून आलो. मशीन चांगलंय, जागा संपलीये. उबुंटू (विंडोजसारखीच, पण फुकटची सिस्टिम) टाकताना डिस्कचे दोन भाग केले होते: सिस्टिमचा रूट आणि पोरांच्या फायलींचा होम. रूटला २०च जीबी दिले होते, ते भरले. होम मात्र रिकामंच. जुने लॉग (सिस्टिमच्या नोंदी) आणि एपीटीचा कॅशे (ॲप टाकताना उतरवलेल्या फायली) काढून टेस्टपुरतं चालू केलंय. नंतर नव्यानं पार्टिशन, म्हणजे डिस्कची वाटणी, करावं लागेल.

सी-२०४: दादा, पोरं तर नुसत्या पीडीएफ वाचतात. भरलं कशानं?

बी-३०२: काकू, पोरांच्या फायली होममध्ये जातात. रूट भरतं सिस्टिमच्या पसाऱ्यानं. स्नॅपचं (उबुंटूत ॲप टाकायची एक पद्धत) ॲप अपडेट झालं तरी जुनी आवृत्ती तशीच राहते, जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा) राहतात, रॅम कमी पडली की वापरायची स्वॅप फाइल तिथंच. त्यात एक्स्ट-४ (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) आपले ५ टक्के राखून ठेवतं, म्हणजे २० मधला १ जीबी तसाच गेला. उबुंटूवाले स्वतःच २५ जीबी मागतात.

ए-१०३: मग वेगळं होम कशाला? सगळी डिस्क रूटलाच द्या. माझ्या लॅपटॉपला तसंच आहे, काही त्रास नाही.

बी-३०२: एकट्याच्या लॅपटॉपला तेच बरं, सर. इथं एवढी पोरं बसतात. कुणी लेक्चरचे व्हिडिओ भरून ठेवले की सगळ्यांचंच अडतं. आणि होम वेगळं असलं की सिस्टिम नव्यानं टाकताना नोट्सला धक्का लागत नाही.

बी-१०२: ३० करा ना. लागलं तर वाढवू.

बी-३०२: भाऊ, मला भीती त्याचीच आहे. रूटला लागूनच होम असतं. रूट वाढवायचं तर पेन ड्राइव्हवरून चालू करून आधी होम लहान करायचं, मग ते अख्खं पुढं सरकवायचं. तासन् तास जातात. मधेच लाइट गेली तर पोरांच्या वर्षभराच्या नोट्स गेल्या, आणि अभ्यासिकेला इन्व्हर्टर नाही. लातूरच्या उन्हाळ्यात मी ही जोखीम घेणार नाही. आत्ताच ६० ठेवू. २४० जीबीची डिस्क मोजायच्या पद्धतीमुळं २२३ दिसते, होमला साधारण १६० उरतात. भरपूर झाले.

सी-३०१: दादा, मला डॉकर शिकायचंय, चालेल का?

बी-३०२: इथं नको रे. डॉकरच्या इमेज (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेले गठ्ठे) रूटमध्येच साठतात, ६० पण पुरणार नाहीत. तुझ्या मशीनवर रूट १०० ठेव, मी बसवून देतो.

ए-१०१ (सचिव): ६० ठरलं. रविवारी सकाळी करू.

बी-३०२: काकू, शनिवारी तुमची बाहेरची हार्ड डिस्क द्या. नोट्सची कॉपी उघडून बघेन, मगच पार्टिशनला हात लावेन.