मदत हवी आहे : अर्धवट सुकलेल्या तैलरंगावर पुन्हा कसं रंगवायचं?

नमस्कार मंडळी. इंदूरला कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांची (होळकरांच्या दगडी समाधीवास्तूंची) सकाळची चित्रं तैलरंगात, जागेवर बसूनच करतोय. कॅनव्हास १२ बाय १६ इंच, पांढरा टायटॅनियम, काळा अजिबात नाही. सावल्या निळ्या अल्ट्रामरीन आणि तपकिरी बर्न्ट सिएनातून काढतो. दगडावरचं कोवळं ऊन बघता बघता पालटतं, म्हणून फ्रेंच चित्रकार मोनेने रूआं शहरातल्या कॅथेड्रलसाठी १८९२-९३ मध्ये केलं तसं उजेडागणिक वेगळा कॅनव्हास ठेवलाय. ही पद्धत मला फार मोलाची वाटते, ती सोडायची नाही.

अडचण दुसऱ्या दिवशी येते. खालचा थर ना ओला ना सुका, नुसता चिकट. त्यावर उन्हाचा नारिंगी फटकारा मारला की ब्रश खालची निळी सावली उचलतो आणि दोन्ही रंग मळतात.

फ्रेंच चित्रकार देगा करायचा तसं रंगातलं तेल टीपकागदावर शोषून पाहिलं. रंग सुरेख मॅट झाला, पण चिकटपणा राहिलाच. अल्किड मीडियमने (रंगात मिसळायच्या कृत्रिम राळेच्या द्रवाने) लवकर सुकतं, मात्र फटकाऱ्यांचे उंचवटे बसतात आणि चकाकी येते. पॅलेट नाइफने (रंग लावायच्या बोथट सुरीने) रंग मळत नाही, पण छत्रीची नक्षी हरवते. फोटोवरून पूर्ण करायचं नाही. घर लहान, त्यामुळे रंग पातळ करायचं उग्र वासाचं टर्पेंटाइन घरात चालत नाही.

चित्रकार देवळालीकर-बेंद्र्यांच्या या गावात जाणकार नक्की असतील. थर पूर्ण सुकू देऊन वरून कोरड्या ब्रशने रंग घासावा, की पहिल्याच बैठकीत उन्हाच्या जागा कोऱ्या ठेवाव्यात? आणि थांबायचंच असेल, तर इथल्या हवेत साधारण किती दिवस?