अनुभव धागा : पेन्शन पौंडात, संसार परक्या चलनात

धागाकर्ता
२३ जून २०१६ ला ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला, त्या दिवशी पौंडाला साधारण १.३० युरो मिळत होते. ऑक्टोबरात तोच १.१०–१.१२ वर आला. पुढे २३ सप्टेंबर २०२२ ला ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांचं ‘मिनी बजेट’ आलं आणि सोमवार उजाडला तोवर पौंड १.०४ डॉलरच्याही खाली. लंडनच्या नोकरदाराला ही बातमी. स्पेनमध्ये किंवा थायलंडमध्ये म्हातारपण काढायला गेलेल्या ब्रिटिशांना मात्र त्या महिन्याचं बजेट. इथले बरेच जण अशांची कागदपत्रं, कर, घरं बघतात. कुठे काय अडतं ते आकड्यांसकट लिहा. ब्रेक्झिट बरोबर की चूक, हा वाद दुसरीकडे घाला.

अलिकांते_वाला
हजार पौंडांमागे १९० युरो कमी आले, हे सगळेच सांगतात. तेवढं माणूस बाहेरचं जेवण कमी करून भागवतो. खरी अडचण स्पेनच्या व्हिसाच्या उत्पन्नमर्यादेत आहे, कारण ती युरोत असते.

३१ डिसेंबर २०२० पर्यंत कायदेशीर रहिवासी झालेले सुटले. त्यांचे हक्क ‘विथड्रॉअल’ करारात (ब्रिटनच्या बाहेर पडण्याच्या करारात) शाबूत आहेत. (कार्ड नसेल तर ‘टीआयई’, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, काढून घ्या, विमानतळावरचा वाद वाचतो.) त्यानंतर येणाऱ्याला ‘नॉन-ल्युक्रेटिव्ह’ (नोकरी-धंदा न करता राहण्याचा) व्हिसा लागतो. उत्पन्नाची अट ‘आयपीआरईएम’च्या (स्पेन सरकारच्या उत्पन्न निर्देशांकाच्या) चौपट, म्हणजे महिना २,४०० युरो. जोडीदारासाठी आणखी ६००. दोघांचे वर्षाला ३६,००० झाले. ब्रिटनची पूर्ण नवी सरकारी पेन्शन २०२५-२६ मध्ये आठवड्याला २३०.२५ पौंड, म्हणजे वर्षाला सुमारे ११,९७०. १.१५ च्या दराने दोघांचे मिळून २७,५०० युरो होतात. साडेआठ हजार कमी! खाजगी पेन्शन किंवा बचत दाखवल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. आणि पुरावा काठावरचा नको. अर्ज आणि मुलाखतीदरम्यान पौंड दोन टक्के घसरला तरी अडकता.

आरोग्याचं : सरकारी पेन्शन सुरू असेल तर ब्रिटनकडून ‘एस-वन’ फॉर्म मिळतो, म्हणजे उपचारांचा खर्च ब्रिटन उचलतो. आधी नगरपालिकेत ‘पाद्रोन’ (रहिवासी) नोंदणी, मग एस-वन घेऊन सामाजिक सुरक्षा कार्यालय, मग आरोग्य केंद्रात कार्ड. क्रम चुकला की परत पाठवतात. साठीत लवकर निवृत्त झालेल्यांना पेन्शनचं वय होईपर्यंत हा फॉर्म मिळत नाही, त्यामुळे तोवर खाजगी विमा लागतो.

हुआ_हिन
थायलंडात हेच, पण जास्त कडक. पन्नाशीनंतर निवृत्त म्हणून राहण्याच्या मुदतवाढीला दोन वाटा : बँकेत ८ लाख बाथ, नाहीतर दरमहा ६५,००० बाथ उत्पन्न (किंवा दोन्ही मिळून वर्षाचे ८ लाख). पौंडाला ५० बाथ या दराने ६५,००० म्हणजे १,३०० पौंड. २०१९ मध्ये दर ३८ च्या आसपास आला आणि त्याच ६५,००० ला १,७१० पौंड लागायला लागले. यात पौंडाची घसरण होतीच, शिवाय बाथही वधारला होता. सगळं खापर ब्रेक्झिटवर फोडू नका.

त्याच सुमारास दुसरा फटका बसला. १ जानेवारी २०१९ पासून ब्रिटिश दूतावासाने उत्पन्नाचं पत्र देणं बंद केलं. आता दर महिन्याला ६५,००० परदेशातून आल्याचं बँकेच्या नोंदीत दिसावं लागतं. एका महिन्यात ६४,३०० आले तर ‘सरासरी बघा’ हे कोणी ऐकत नाही. म्हणून पाठवताना दराच्या वर पाचेक टक्के धरून पाठवा. पैसे आल्यावर पासबुकात परदेशी जमेचा कोड उमटतो का तेही पाहा. पैसे पाठवणारी काही ॲप स्थानिक बँकेमार्फत भरणा करतात आणि नोंद देशांतर्गत पडते.

८ लाखांची वाट धरली तर रक्कम अर्जाआधी दोन महिने आणि नंतर तीन महिने तशीच हवी, त्यानंतरही ४ लाखांच्या खाली जायची नाही. म्हणजे निम्मी रक्कम कायमची अडकली. दवाखान्याचं बिल आलं तरी हात लावता येत नाही.

टेम्सकाठी
वरच्या दोघांत एक मोठा फरक आहे. स्पेनमध्ये ब्रिटनची सरकारी पेन्शन दरवर्षी वाढते, थायलंडात गोठते, म्हणजे आहे त्याच रकमेवर राहते. युरोपीय देश, अमेरिका, फिलिपिन्स, तुर्कस्तान इथे वाढ मिळते. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि भारत गोठलेल्या यादीत. कॅनडाशी सामाजिक सुरक्षेचा करार असूनही त्यात पेन्शनवाढ नाही. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या पेन्शनर ॲनेट कार्सन यांनी हा प्रश्न स्ट्रासबूरच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत नेला, २०१० मध्ये हरल्या.

कोथरूड_परत
पुण्यात परतणाऱ्यांनो, हे नीट वाचा. २०१६ मध्ये पूर्ण नवी पेन्शन आठवड्याला १५५.६५ होती. तेव्हा ती घेऊन भारतात आलेल्याला आजही १५५.६५ च. स्पेनमधल्या अलिकांतेवाल्याला २०२५-२६ मध्ये २३०.२५. वर्षाला जवळजवळ ३,९०० पौंडांचा फरक.

लोकांच्या हे लवकर लक्षात येत नाही, कारण रुपयाही घसरतो. मतदानाच्या वेळी पौंड १०० रुपयांच्या आसपास होता, वर्ष संपताना ८३–८४. तेव्हा सगळे हादरले. पुढे तो शंभरच्या वर गेला आणि ‘पेन्शन वाढली’ असं वाटू लागलं. औषधं आणि सोसायटीचा मेंटेनन्स मात्र त्याहून वेगाने वाढतो.

ब्रिटनला मुलांकडे तात्पुरतं गेलात तर पेन्शन केंद्राला कळवा. तिथे असेपर्यंत वाढीव दर मिळतो, परतलात की जुना. कायमचे परत गेलात तर चालू दर लागतो, पण मधल्या वर्षांचा फरक मिळत नाही.

म्हापसेकर
गोव्यात ब्रिटिश दोन प्रकारचे. हिवाळ्यापुरते येणारे ब्रिटनचेच रहिवासी राहतात, म्हणून त्यांची पेन्शन वाढत राहते. यांना पौंडापेक्षा व्हिसाने जास्त छळलं : ब्रिटिशांचा ई-व्हिसा बंद होता, तो २०२२ च्या डिसेंबरात परत सुरू झाला. सीझनचं तोंडच गेलं.

दुसरे, घर घेऊन बसलेले. टूरिस्ट व्हिसावर परदेशी माणसाला इथे घर विकत घेता येत नाही. आधीच्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून जास्त वास्तव्य लागतं, तेही दीर्घ मुक्कामाच्या हेतूने. पाच वर्षांपर्यंतचा भाडेकरार चालतो. पौंड चढा असताना कंपनीच्या नावावर वगैरे घेतलेली घरं नंतर विकताना फार रडवतात.

हिशेबनीस
पैसे आणण्याबद्दल. सरकारी पेन्शन थेट परदेशी खात्यात घेता येते, चार किंवा तेरा आठवड्यांनी. मग ती स्थानिक चलनातच येते, दराचा दिवस आपल्या हातात नाही. दर बघून आणायचे असतील तर ब्रिटिश खातं चालू ठेवा. मात्र परदेशी पत्ता कळवल्यावर काही बँका खातं बंद करतात, तेव्हा पर्याय आधीच शोधून ठेवा. घरखरेदीसारख्या मोठ्या रकमेला चलन दलाल काही टक्के अनामत घेऊन आजचा दर बांधून देतात. नंतर पौंड वधारला तरी सौदा मोडता येत नाही, आणि घसरला तर जास्तीची अनामत मागू शकतात. दलाल ब्रिटनच्या एफसीएच्या (वित्तीय नियामकाच्या) नोंदवहीत आहे का ते आधी तपासा.

अलिकांते_वाला
@हिशेबनीस, यात ‘लाइफ सर्टिफिकेट’ जोडा. हयातीचा फॉर्म टपालाने येतो, साक्षीदाराच्या सहीने मुदतीत परत गेला नाही तर पेन्शन थांबते. घर बदललेल्यांचे फॉर्म जुन्या पत्त्यावर पडून राहतात.